शब्दांवाचूनची शिकवणी

तलावावर तिला सगळे कोच म्हणत. मोठ्या माणसांना पोहायला शिकवणं हे तिचं काम. आयुष्यभर पाण्याला घाबरलेली माणसं तिच्याकडे येत: बँकेतला साहेब, ट्रकवाला, नातवंडांसमोर लाज नको म्हणून आलेली आजी. पहिल्या दिवशी ती कुणालाच पोहू देत नसे. कठड्याला धरायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे, एवढंच. कुणी घाई केली की ती म्हणायची, "पाणी कुठे पळून जात नाही."

नवरा घरूनच काम करायचा. रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारी यंत्रं असतात, ती ज्या प्रोग्रॅमवर चालतात ते तो लिहायचा. ते कोणत्या भाषेत लिहितो, दिवसभर पडद्यावर काय चाललेलं असतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हातून पोहायला शिकून गेलेल्या माणसांची नावं तरी त्याला कुठे ठाऊक होती? संसार काही त्यावाचून अडत नव्हता.

एका सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला आणि खांद्यावरच्या टॉवेलने कान पुसत तिला काहीतरी विचारलं. बोलण्यात चढउतार होते, शेवटी प्रश्नाचा सूर होता. शब्द मात्र एकही नव्हता. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

"काय?" ती म्हणाली.

त्याने तेच जरा वैतागून पुन्हा विचारलं, वेगळ्याच आवाजांत. मग त्याच्या उजव्या पायातली सपात निसटली आणि ते त्याला कळलंच नाही. तशाच पायाने तो दोन पावलं चालला, तेव्हा तिच्या हातातला कप खाली पडला.

मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. काठी घेऊन तो चालायला लागला, उजवा हात मात्र लुळा राहिला. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "शब्द गेलेत. बोलण्यातलेही आणि समजण्यातलेही. किती परत येतील, सांगता येत नाही."

त्याची थोरली बहीण मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती, नुकतीच निवृत्त झाली होती. तिने भावाच्या पलंगाशी बसून विचारलं, "सोन्या, तू पुरुष आहेस का?" त्याने मान डोलावली. "तू बाई आहेस का?" त्याने तशीच मान डोलावली. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

घरी आल्यावर तो रोज दुपारी आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसे, बंद पडद्यासमोर. फोटो दाखवले, आवडती गाणी लावली. तो नम्रपणे बघे, पाहुण्यासारखा, आणि मान डोलावून पुन्हा त्या काळ्या काचेकडे वळे. कोचचं काम सकाळ-संध्याकाळचं. दुपार रिकामी. एका दुपारी तिला वाटलं, त्या काचेत याला एवढं काय दिसतं, बघू तरी.

ऑफिसचा कॉम्प्युटर न्यायला त्याच्या हाताखालचा एक लांबोडका मुलगा आला होता. ऑफिसात त्याला जिराफ म्हणत, आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून देई. तिने त्याला घरच्या कॉम्प्युटरवर नवरा लिहायचा ती प्रोग्रॅमची भाषा बसवून द्यायला सांगितली.

"कुणासाठी, वहिनी?"

"माझ्यासाठी."

जिराफ हसला नाही, पण त्याला अवघड झालं. "सर रस्टमध्ये लिहायचे. रस्ट म्हणजे गंज."

"भाषेचं नाव गंज? ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही का?"

"नावाचं सोडा. पण शिकायला फार चिवट आहे. आधी दुसऱ्या भाषा शिकून मग लोक हिच्याकडे येतात, आणि तरी डोकं धरून बसतात. तुम्ही एखादी सोपी घ्या."

"मला सोपी नको. त्याची हवी."

त्याने बसवून दिली, आणि कपाटातलं एक जाडजूड पुस्तकही काढून दिलं.

पुस्तक घेऊन ती अगदी तिच्या विद्यार्थ्यांनी वागू नये तशी वागली. पहिल्याच आठवड्यात मधली प्रकरणं वाचायला घेतली, समजेना म्हणून पुढची वाचली. तिथलं उतरवून काढायची, चालवायची, आणि पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग येई. लाल दिसलं की तिला शाळेतली गणिताची वही आठवायची. ती काही न वाचता सगळं पुसून टाकी. तो शेजारी काठी मांडीवर आडवी ठेवून बसलेला असे.

अशाच एका दुपारी तिने ठरवलं, आज काहीतरी साधं करायचं. सकाळच्या तुकडीतल्या लोकांना एक फेरी पोहायला किती सेकंद लागले, ते आकडे तिने एका यादीत घातले. ते एकाखाली एक छापायचे आणि शेवटी किती जण होते ते सांगायचं, एवढाच प्रोग्रॅम. ओळी मोजून चार-पाच. चालवला. लाल. सगळं पुन्हा लिहिलं, अक्षर अन् अक्षर तपासून. पुन्हा लाल. तिने कोपरं टेबलावर टेकली आणि तळव्यांत तोंड लपवलं.

बाजूने एक हात पुढे आला. डावा. बाणाच्या कळीवर बोट ठेवून त्याने पडद्यावरची लुकलुकणारी रेघ हळूहळू वर नेली, मधल्या एका ओळीत आणली आणि यादीच्या नावाआधी थांबवली. मग अंगठ्याने एक कळ दाबून धरली, तर्जनी ताणून आकड्यांच्या रांगेत नेली आणि दाबली. दुकानांच्या पाट्यांवर दोन भावांच्या नावांमध्ये असतं ना, ते वळणदार '&', ते तिथे उमटलं. हात मागे गेला. त्याने हनुवटीने पडद्याकडे खूण केली.

तिने प्रोग्रॅम चालवला. आकडे सरसर एकाखाली एक उतरले. तळाशी यादीतल्या माणसांची संख्या, बरोबर.

आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटली. या खोलीत आपण एकटीच आहोत असं ती इतके दिवस धरून चालली होती, आणि कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं होतं.

"तुला हे कळतं?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलावायचा.

तिने ते चिन्ह पुसलं. फरशीवर मुद्दाम दूध सांडणाऱ्याकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं, आणि चिन्ह परत घातलं. तिने दुसरीकडे एक कंस काढून टाकला. त्याने तो परत लावला. मग तिने एक तुकडा काळजीपूर्वक, पूर्णपणे बरोबर लिहिला आणि हात मागे घेतला. त्याने ओळींवरून नजर फिरवली, काहीच केलं नाही, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

तिने जिराफला फोन लावला. काय झालं ते सांगताना तिचं तिलाच खरं वाटेना.

त्याने तिच्याकडून त्या ओळी वाचून घेतल्या. मग जिराफ म्हणाला, "वहिनी, यात अंदाजाने चिन्ह लागत नाही. या भाषेत प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली की ती त्याची झाली; नंतर मागायला गेलात तर हात हलवत परत. तुम्ही यादी छापणाऱ्याला देऊन टाकलीत आणि मग तिच्यात किती माणसं म्हणून विचारायला गेलात. सरांनी ते चिन्ह लावून सांगितलं, दिलेली नाही, नुसती बघायला दिलीय. यादी तुमचीच राहिली." "हे समजल्याशिवाय करता येत नाही."

"आणि ती लाल अक्षरं?"

"तुम्ही वाचलीत का?"

"नाही."

"वाचा. ती ओरडत नाहीत, सांगतात. बहुतेक उपायसुद्धा लिहिलेला असतो."

तिने चिन्ह पुसून पुन्हा चालवलं आणि लाल अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली, शब्दकोश घेऊन. शेवटच्या ओळीत, नेमक्या त्या जागेखाली, तेच वळणदार चिन्ह दाखवलेलं होतं.

आता अडचण नणंदेची होती. एका शुश्रूषागृहात मेट्रनबाईंच्या ओळखीने एक जागा मिळाली होती, आणि शनिवारी त्या भावाला घेऊन जाणार होत्या. त्यात दुष्टपणा नव्हता. कोच सकाळ-संध्याकाळ तलावावर, घरात तो एकटा. एकदा गॅस चालू ठेवून बसला होता. कोचनेच रडत रडत हो म्हटलं होतं.

"ताई, तो विचार करतोय," ती फोनवर म्हणाली.

"अगं, सवय असते ती. माझ्या वॉर्डात एक वादक होते. बोटं सुरेख चालायची, पण शेजारी बसलेली बायको ओळखू यायची नाही. तू आशेला लागू नकोस."

कोचने त्याला बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंना गाठलं. वाचाबाई, असं ती त्यांना मनात म्हणायची. तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सवयीने जमणार नाही असं काहीतरी द्यायला हवं. आणि एकही शब्द न वापरता. शनिवारी मी येते."

शनिवारी छोट्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. वाचाबाई, जिराफ, मेट्रनबाई. दाराशी भावाची भरलेली बॅग. तो खुर्चीत, इतकी माणसं बघून जरा बावरलेला.

वाचाबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात आकडे लिहिले. तीन, आठ, पाच, पुढे बाण, बाणापुढे आठ. खाली चार, एक, दोन; बाण; चार. त्याखाली सात, नऊ, सहा, बाण, आणि पुढची जागा कोरी. कागद त्याच्यासमोर ठेवला, मग पडद्यावरच्या रिकाम्या पानावर बोट ठेवलं. तोंडातून चकार शब्द नाही.

तो कागदाकडे बघत राहिला. मेट्रनबाईंनी कोचच्या दंडावर हात ठेवला, सांत्वन करावं तसा.

मग त्याने कीबोर्ड जवळ ओढला. एका बोटाने, एकेक कळ शोधत, तो लिहू लागला. एकदा चुकला, मागे गेला, दुरुस्त केलं. जिराफ त्याच्या डोक्यावरून वाकून बघत होता. त्याचे ओठ हलत होते.

"नावं बघा," तो पुटपुटला. "नुसती a, b. एका अक्षराचं नाव दिलं म्हणून सर आम्हाला फाडून खायचे. आता स्वतः…"

"नावं म्हणजे शब्द," वाचाबाई हळूच म्हणाल्या. "ते गेलेत त्यांचे."

"आणि बाकीचं? तेही शब्दच आहेत की."

"त्यांच्यासाठी नसावेत. खुणा असाव्यात. बेरजेच्या चिन्हासारख्या."

त्याने लिहिणं थांबवलं आणि कोचकडे बघून हनुवटी हलवली. तिने चालवलं. पडद्यावर आलं: आठ. चार. नऊ. त्याने पेन मागितलं, म्हणजे वाचाबाईंच्या हातातून काढून घेतलं, आणि कागदावरच्या कोऱ्या जागेत डाव्या हाताने वेडावाकडा नऊ काढला. प्रत्येक ओळीतला सगळ्यात मोठा आकडा. नियम कुणी सांगितला नव्हता. तो त्याने शोधला होता आणि यंत्राला शिकवलाही होता.

मेट्रनबाई मागे सरकत गेल्या आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसल्या, त्यावर बसायची जागा नसताना.

"म्हणजे इतके महिने," त्या म्हणाल्या, "तो आत सगळा शाबूत आहे?"

वाचाबाईंनाही शब्द जुळवावे लागले. "हे मी वाचलं होतं. बघितलं नव्हतं कधी." त्या स्टूल ओढून मेट्रनबाईंसमोर बसल्या. "उद्या तुम्हाला उचलून अनोळखी देशात नेऊन ठेवलं, तर तिथलं बोलणं तुम्हाला कळणार नाही. लोक काही विचारतील, तुम्ही आपल्या मान डोलावाल. पण म्हणून तुमची अक्कल गेली असं होईल का? त्यांचं तसं झालंय. आणि आपण त्यांच्यासमोर बॅग भरली."

मेट्रनबाईंनी पन्नाशीच्या भावाकडे बघितलं. त्या उठल्या, बॅग उचलून आतल्या खोलीत घेऊन गेल्या, आणि बराच वेळ आतून कपाटाची दारं उघडल्याचे आवाज येत राहिले. त्याचे शर्ट त्या पुन्हा एकेक करून लावत होत्या. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कोच बाहेर पडली की नणंद घरात येऊन बसायला लागली.

शिकणं मात्र तिथून खरं सुरू झालं. कोचने पुस्तक कपाटात ठेवलं आणि जिराफला विचारलं, बुडबुडे सोडण्याइतकं पहिलं काय आहे. तो म्हणाला, एका दिवशी एकच गोष्ट घ्या, ती हाताने लिहा, चालली की मुद्दाम मोडा आणि लाल अक्षरं काय म्हणतात ते वाचा. मोडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग तिने तसंच केलं. एक दिवस नुसते आकडे. एक दिवस नुसतं 'असं असेल तर तसं कर'. वस्तू देऊन न टाकता नुसती बघायला, म्हणजे उसनी, देणं तिला समजायला तर कितीतरी दुपारी गेल्या, आणि त्या दुपारी शेजारी बसलेला मास्तर, म्हणजे नवरा, समजावून सांगू शकत नव्हता, ही एका परीने सोयच झाली. तो कारण देऊ शकत नव्हता. फक्त जागा दाखवायचा. का, ते तिला स्वतःच शोधून काढावं लागे. आणि स्वतः शोधलेलं विसरत नाही, हे तिला तलावावर केव्हाच कळलं होतं. पण स्वतःला लावून बघायची वेळ आली नव्हती.

पुढचा धक्का त्यानेच दिला. ती स्वयंपाकघरातून आली तर पडद्यावर प्रोग्रॅम तयार. त्याने खुर्ची बाजूला सरकवली आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. कुठेतरी काहीतरी खटकत होतं. चालवलं तर लाल अक्षरं आली. त्याच्या हातून एवढी ढोबळ चूक? गुठळी पुन्हा? तिने घाबरून त्याच्याकडे बघितलं.

तो तिच्याकडे बघत होता, भुवया वर करून. वाट बघत.

चूक मुद्दाम केलेली होती. त्याने तिला गणित घातलं होतं.

ती खुर्चीच्या कडेवर टेकली, वाचलं, एका जागी दुरुस्ती केली. चुकीच्या जागी. लाल अक्षरं दुप्पट झाली. आणि तो हसला. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज घोगरा, पण हसणं त्याचंच होतं. आजारानंतर ते ती पहिल्यांदा ऐकत होती. ती हसायला गेली आणि रडायला लागली, तर त्याने गोंधळून पटकन ती चूक स्वतःच दुरुस्त करून टाकली, जणू गणित अवघड गेलं म्हणून ती रडत होती.

शब्द फारसे परतले नाहीत. वाचाबाई आठवड्याला येत राहिल्या. तो 'प' म्हणायला जाई आणि भलतंच काही निघे. कोच आता बऱ्यापैकी लिहायला लागली होती. तुकडीतल्या लोकांच्या वेळा ठेवणारा प्रोग्रॅम ती बांधत होती, आणि आत्मविश्वास वाढला की माणूस करतो तशी घाई करत होती. एका दुपारी तिने यादी एका ठिकाणी देऊन टाकली आणि खाली पुन्हा वापरायला घेतली. चालवायची कळ दाबणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"नाही."

तिचं बोट कळीवर तसंच राहिलं. तिला वाटलं, शेजारच्या घरातून आलं. तिने मान वळवली. तो पडद्याकडे बघत होता, आणि आपण काय केलंय हे त्याला कळलेलंही नव्हतं.

तिने आवाज न करता फोन उचलला आणि नणंदेला लावला. ती मघाच घरी गेली होती.

"ताई, तो बोलला. 'नाही' म्हणाला."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "परत म्हणायला सांग."

"सांगून त्याला कुठे कळणार? थांब, फोन ठेवू नकोस."

तिने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि एक ओळ मुद्दाम चुकवली.

"नाही," तो म्हणाला, आणि दुरुस्त केली.

तिने एक कंस काढला.

"नाही."

तिने वस्तू भलत्याच मालकाला दिली. "नाही." आकड्याच्या जागी अक्षर घातलं. "नाही, नाही." शेवटी त्याने तिचं मनगट धरून हात कीबोर्डवरून उचलला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"ताई, आता तो चिडलाय," ती फोनकडे वाकून म्हणाली.

"चिडू दे," मेट्रनबाई म्हणाल्या. "अजून एक चूक कर."